सात मिनिटं उशिराचं कारंजं

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी टाइमसाहेब बुटाच्या नाड्या बांधून हॉटेलच्या पलंगाच्या कडेवर बसले होते आणि बायको अजून केस विंचरत होती.

“नाश्ता साडेसातला सुरू होतो,” ते म्हणाले.

“मग दहा मिनिटं आहेत की.”

“जिना उतरायला दोन लागतात.”

“मग आठ आहेत,” असं म्हणून बायकोने बांधत आणलेले केस पुन्हा मोकळे सोडले.

टाइमसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोच्या वेळापत्रक विभागात त्यांनी उभी हयात काढली. कुठली बस कधी सुटणार हे ते ठरवायचे आणि ती तेव्हा का सुटली नाही याचा जाबही तेच विचारायचे. ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं हे नाव पुढे घरात शिरलं. निवृत्त झाल्यावर माणसं जरा सैल होतात म्हणतात. हे उलट आवळले गेले. पूर्वी जी करडी नजर साऱ्या शहरावर असायची, ती आता एकट्या बायकोच्या वाट्याला आली.

पण आजच्या घाईला कारण होतं. या गरम पाण्याच्या गावात ते दोघं छत्तीस वर्षांपूर्वी, लग्नाला नऊ दिवस झालेले असताना येऊन गेले होते. इथे जमिनीतून वाफा निघतात, खड्ड्यांत चिखल रटरटतो आणि गावाबाहेरच्या मैदानात दर दीड-दोन तासांनी उकळत्या पाण्याचा खांब तीन मजले उंच उसळतो. तोच बघायला तर ते आले होते. तिकीट कचेरीबाहेर एक लाकडी घड्याळ टांगलेलं असे. पुढचं कारंजं कधी उडणार ते कारकून त्याचे काटे हाताने फिरवून दाखवायचा. त्या दिवशी काटे बारा वीसवर होते. बारा वीस झाले, बारा सत्तावीस झाले, पाणी येईना. नव्या नवरदेवाला हे सहन होईना. बायकोला कठड्यापाशी उभी करून ते कचेरीत तक्रार वही मागायला गेले. वही नाही म्हटल्यावर ती का नाही, हे विचारत असतानाच बाहेर मोठा आवाज झाला.

ते धावत आले तेव्हा नुसतं डबकं उरलं होतं आणि बायको कठड्याला धरून हसत उभी होती. तिच्या कपाळावरच्या केसांतून पाणी ठिबकत होतं.

“पाहिलंस?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. तुम्ही येताय का ते बघायला मागे वळले आणि तेवढ्यात झालं बघा.”

परतीची बस सव्वाला होती आणि बस चुकवणं हे टाइमसाहेबांच्या रक्तात नव्हतं. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलं. बायको बिचारी एवढ्या लांब आली आणि आपल्या हट्टापायी कारंजं न बघताच परतली. पुढे घरात दूध उतू गेलं तरी त्यांना ते कारंजं आठवायचं आणि रागावायचं सोडून ते बायकोशी गोड वागायचे. काहीही झालं तरी आज तिला कारंजं दाखवायचंच, असं ठरवून ते आले होते. वहीच्या पानावर दिवस आखलेला होता: नऊ वाजून दहा, चिखलाचे खड्डे; दहा वाजून पाच, पाय शेकायचं कुंड; सव्वाअकरा, मैदान.

“कारंजं नक्की किती वाजता?” खाली त्यांनी हॉटेलच्या मॅनेजरला विचारलं.

“बाराच्या सुमारास. अर्धा तास इकडे-तिकडे.”

“इकडे म्हणजे आधी का नंतर?”

मॅनेजरने बायकोकडे पाहिलं. बायकोने चहा पीत ‘सोडून द्या’ अशी मान हलवली.

गडबडीला सुरुवात चिखलाच्या खड्ड्यांपाशी झाली. खड्डा नेमका किती सेकंदांनी बुडबुडा सोडतो हे मोजायला टाइमसाहेब घड्याळाचा हात पुढे करून वाफेत ओणवे झाले. घड्याळ लग्नातलं, चावीचं. वाफ आत शिरली आणि काच दुधासारखी पांढरी झाली.

“किती वाजले?” ते घाबरून म्हणाले. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात प्रथमच दुसऱ्याला विचारला होता.

“मोबाइल हॉटेलात चार्जिंगला आहे,” बायको म्हणाली. “वाजले असतील नऊ-साडेनऊ.”

“नऊ-साडेनऊ अशी काही वेळ नसते.”

कुंडावर पोचल्यावर तिथल्या टॉवेलवाल्या बाईंनी तोडगा सांगितला. कुंडाची दगडी भिंत आतून तापलेली असते, लोक त्यावर मोजे वाळत घालतात. “ठेवा तिथे. पंधरा मिनिटांत काच साफ होईल,” त्या म्हणाल्या. टाइमसाहेबांनी घड्याळ आणि मोजे भिंतीवर ठेवले आणि पाय पाण्यात सोडून बसले. पंधरा मिनिटं मोजायची कशी, हा पेच होताच. म्हणून ते मनातल्या मनात सेकंद मोजू लागले. पाणी छान ऊन होतं. तीनशे चाळीसपर्यंत त्यांना आठवत होतं.

बायकोने हलवून उठवलं तेव्हा कुंडावर दुसरीच माणसं बसली होती आणि भिंत मोकळी होती.

“घड्याळ?”

“मलाही डुलकी लागली हो. त्या बाई वाळलेल्या वस्तू टोपलीत भरून घेऊन जातात म्हणे. कुंडाच्या कचेरीत मिळेल.”

“कचेरी कुठे आहे?”

“बाजाराच्या त्या टोकाला,” शेजारी पाय शेकणारा एक गृहस्थ म्हणाला. “पण आता बारा वाजत आले. कारंजं बघायचं असेल तर मैदान या टोकाला आहे.”

टाइमसाहेब क्षणभर उभेच राहिले. एकीकडे छत्तीस वर्षं मनगटावर असलेलं घड्याळ, दुसरीकडे छत्तीस वर्षांची टोचणी. मग त्यांनी बिनमोज्यांचे पाय बुटात कोंबले. “चल मैदानात,” ते म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

मैदानात गर्दी होती. टाइमसाहेब पहिल्याच बाकाकडे निघाले तर बायकोने बाही ओढली. “तिथे नको. वारा असा असला की पाणी तिकडे येतं. त्या मागच्या बाकावर बसू.” हिला बरं ठाऊक, असं त्यांच्या मनात आलं, पण बायकोला पुष्कळ गोष्टी ठाऊक असतात, म्हणून ते बसले.

आणि गंमत म्हणजे त्यांना स्वस्थ वाटत होतं. कारंज्याला उशीर झाला होता की नाही हेच कळायला मार्ग नव्हता, तर तक्रार कशाची करणार? किती तरी वर्षांनी ते बायकोशेजारी नुसते बसले होते. तिच्या कानामागे पांढरे केस किती झालेत हेही त्यांनी आजच नीट पाहिलं.

इतक्यात पुढच्या कठड्यापाशी टॉवेलवाल्या बाई टोपली घेऊन आल्या; कुंडावरची माणसं बाराच्या सुमारास इथेच सापडतात हे त्यांना ठाऊक होतं. “घड्याळ कुणाचं? मोजे कुणाचे?” त्या विचारत होत्या. टाइमसाहेब ताडकन उठले. बायकोने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं.

“मी आणते. तुम्ही हलायचं नाही. नजर समोर.”

“अगं, पण मधेच उडालं तर?”

“म्हणून तर सांगते, हलायचं नाही.”

ती कठड्यापाशी गेली. घड्याळ घेतलं, मोजे घेतले, बाकाकडे वळली आणि तिच्या मागे जमीन घुमली. पाण्याचा पांढरा खांब वर, आणखी वर चढला, माथ्यावर जरा थबकला आणि उन्हात फुटून खाली आला. पापणी लवू नये इतकं ते सुंदर होतं.

“मागे वळ,” टाइमसाहेब ओरडत होते. “अगं, मागे बघ.”

बायको वळली नाही. हातात मोजे धरून ती त्यांच्याकडेच बघत, हसत उभी राहिली. मिनिटभराने सारं शांत झालं तेव्हा ती बाकापाशी आली.

“परत चुकलं तुझं,” टाइमसाहेब म्हणाले. “परत माझ्याच घड्याळापायी.”

ती मोजे द्यायला वाकली. तिची पाठ तुषारांनी भिजली होती. कपाळ मात्र कोरडं ठणठणीत होतं.

टाइमसाहेबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं, मग कपाळाकडे. डेपोत त्यांनी कितीएक ड्रायव्हरांच्या थापा यापेक्षा बारीक पुराव्यावर पकडल्या होत्या.

“तेव्हा तुझं कपाळ भिजलं होतं,” ते सावकाश म्हणाले. “मागे वळलेल्या माणसाचं कपाळ कसं भिजेल?”

बायको त्यांच्या शेजारी बसली. “लवकर कळलं म्हणायचं.”

“म्हणजे तू पाहिलं होतंस?”

“पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही कचेरीतून आलात तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं तुमचं. नऊ दिवसांचा नवरा. मी एकटीने पाहिलं असं कसं सांगू? पुढे सांगेन म्हटलं, तर तुम्ही दूध उतू गेलं की इतकं गोड वागायचात, मग राहूनच गेलं.”

“आणि आज का नाही वळलीस?”

“कारंजं मी पाहिलंय. तुम्हाला कारंजं बघताना पाहायचं राहिलं होतं.”

मोजे पायांत चढवायला टाइमसाहेबांना बराच वेळ लागला. मग त्यांनी घड्याळ हातात घेतलं. काच स्वच्छ झाली होती, काटे मात्र दहा बारावर थांबले होते.

“म्हणजे तू एकदा पाहिलंस, मी एकदा,” ते म्हणाले. “दोघांनी मिळून काही पाहिलंच नाही.”

“पुढचं दीड-दोन तासांनी असेल. पण आपली बस दीडला आहे ना?”

टाइमसाहेबांनी चावी न देताच घड्याळ खिशात टाकलं.

“जाऊ दे ती,” ते म्हणाले.

“अहो, मग त्यानंतरची कितीला?”

साऱ्या शहराच्या बसगाड्या ज्यांना तोंडपाठ होत्या ते टाइमसाहेब बाकावर मागे टेकले आणि त्यांनी पाय लांब केले.

“असेल कधीतरी,” ते म्हणाले.