लाल गोलातला फॉल्ट

बमरोलीच्या त्या कापड युनिटात मशीन बंद पडायचं, वीज जायची, पण दगाभाऊ भामरेंची नजर कधी चुकायची नाही. निदान दगाभाऊ तसं सांगायचे, आणि दिवसातून चार वेळा सांगायचे!

ते हेड चेकर. टेबलावरून साडीचं कापड सरकत राहतं, त्यातला तुटलेला धागा, डाग, छिद्र चेकरने पकडायचं. खुर्चीमागच्या भिंतीवर त्यांचा पराक्रमच टांगलेला होता. प्लास्टिकच्या पिशवीत वीतभर पांढरं कापड, त्यावर लाल पेनाचा गोल आणि गोलात एक बारीक काळा धागा. दोन वर्षांपूर्वी याच धाग्यावरून त्यांनी कडोदऱ्याच्या एका कारखान्याचे कापडाचे चाळीस ताके परत पाठवले आणि हेडची खुर्ची मिळवली. नवीन माणूस आला की आधी या तुकड्याचं दर्शन. "दुसऱ्या कोणाला दिसला असता?" असं म्हणून दगाभाऊ कलप लावलेल्या मिशीवरून हात फिरवत.

एक दिवस फळ्यावर नोटीस लागली.

"भाऊ, तुम्हीच वाचा. अक्षर लई बारीक आहे," शेजारच्या टेबलावरचा लोटू म्हणाला.

दगाभाऊंनी कागद काढून हातभर लांब धरला. हात आणखी लांब असता तर बरं झालं असतं! ठळक छापलेले तेवढे तीन शब्द दिसले: डोळे, नंबर आणि पॅकिंग. बाकीचं त्यांनी अनुभवाने भरून काढलं.

"डोळे तपासणार आहेत. ज्याचा नंबर निघेल, त्याची बदली पॅकिंगला!"

सगळं खातं हादरलं. पॅकिंग म्हणजे जन्मभर गोणपाट शिवणं. सर्वांत जास्त हादरले अर्थातच दगाभाऊ.

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरली आहे?" ते घरी गरजले.

"मंग सुईमा दोरा रोज कोन टाकस?" बायकोने, सुंदराबाईंनी विचारलं.

मुलगी चंचल बी.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "पप्पा, चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं. सगळ्यांचंच होतं. आणि ही तपासणी आहे, परीक्षा नाही. यात नापास कोणी होत नाही."

पण परीक्षा म्हटलं की पेपर फोडायचा, एवढं शास्त्र दगाभाऊंना पुरेसं होतं. लोटूची पाळी आदल्या दिवशी होती. इमानदार लोटूने दवाखान्यातला तक्ता पाहून चिठ्ठीवर उतरवून आणला. दगाभाऊंनी रात्रभर घोकला. आंघोळीतही घोकला!

दवाखान्यात तपासणीला वंदना नावाची तरुणी होती. आधी एका यंत्रात हनुवटी टेकवायला लावली.

"काका, लांब रस्त्याच्या टोकाला फुगा दिसतोय?"

दगाभाऊंना घाम फुटला. फुगा चिठ्ठीत नव्हता!

मग दुसऱ्या यंत्राने डोळ्यावर फुस्सकन हवा मारली. ते खुर्चीसकट मागे सरकले. शेवटी अंधाऱ्या खोलीत त्यांचा एक डोळा झाकून वंदना म्हणाली, "काका, समोर बघा..."

"ग! म, न! र, ल, प, ट!" दगाभाऊ सुटले. आठही ओळी, न अडखळता. "चप्पल बाहेर काढा! मोबाइल बंद ठेवा!"

लोटूने भिंतीवरचं सगळंच उतरवलं होतं.

वंदनाने शांतपणे बटण दाबलं. समोरचा पडदा आत्ता कुठे उजळला. "काका, तुम्हाला नसलेलंही दिसतं का?"

गंमत म्हणजे पडदा उजळल्यावर दगाभाऊंनी शेवटची ओळसुद्धा खरोखर वाचली! लांबची नजर ठणठणीत. मग तिने हातात छोटं कार्ड दिलं. त्यावर मुंग्या चालत होत्या.

"हे कार्ड एक दिवस घरी नेऊ का?" दगाभाऊंनी विचारलं.

वंदनाने नंबर लिहिला: जवळचा, पावणेदोन. बिचारे आठवडाभर गोणपाट शिवायच्या तयारीत हिंडले.

आठव्या दिवशी मॅनेजर भूपेंद्रभाई समोर आले. त्यांनी दगाभाऊंच्या नाकावर नवाकोरा चष्मा चढवला. "लो दगाभाई, कंपनीतर्फे. पॅकिंगमध्ये चार दिवसांपासून पडलाय, न्यायला का नाही आलात? नोटीस नाही वाचली?"

दगाभाऊ फळ्याकडे धावले. अक्षरं कशी खणखणीत होती: 'ज्यांचा नंबर निघेल, त्यांनी मोफत चष्मा पॅकिंग खात्यातून घेऊन जावा.'

खुर्ची वाचली! दगाभाऊंची छाती फुगली. नवीन आलेल्या दोघांना त्यांनी तिथल्या तिथे हाक मारली, भिंतीवरची पिशवी उतरवली आणि "दुसऱ्या कोणाला दिसला असता?" म्हणत स्वतःही जवळून पाहिलं.

लाल गोलात कापड अखंड होतं. एकही धागा तुटलेला नव्हता. त्यावर चिकटलेला होता तो एक केस. छोटा, जाड, टोकाला काळाभोर आणि मुळाशी पांढरा.

दगाभाऊंचा हात मिशीकडे गेला आणि अर्ध्या वाटेतच थांबला.

"काय झालं?" भूपेंद्रभाईंनी विचारलं.

दगाभाऊंनी पिशवी खिशात कोंबली आणि चष्मा काढून त्यांच्या हातात ठेवला.

"साहेब, हा परत पाठवा. यातून नसलेलं दिसतं!"