किसनराव आणि एक सही

बहिणीचं हक्कसोडपत्र लिहायचं असलं की किसनराव अर्जनवीस आधी भावाला हाकलतात.

"जा, च्या पिऊन ये. सावकाश पी."

आदिलाबादच्या कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आणि पायरीलगत त्यांचं टेबल. भाऊ गेला की ते चष्मा पुसतात आणि बहिणीला वावराच्या चारही बाजू सांगायला लावतात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. बाई अडखळली की काम बंद.

"काय सोडून राह्यली तेच मालूम नाही, तं सोडशील कशी?"

एकदा तलमडुगू गावचा एक कापूसवाला भाऊ चहाला न जाता भडकला. "बाई खुशीनं देऊन राह्यली. तुमी काऊन पंचाईत करता?"

"देऊ दे ना. पण जमीन वावरात दिसते, राह्यते कागदात. एका सहीनं तू मालक होशील अन् ही मजूर. तिले समजू तं दे."

बाईनं चारही बाजू धडाधड सांगितल्या, थोडं थांबली आणि म्हणाली, "मी माहा वाटा ठेवतो." भाऊ तरातरा निघून गेला. किसनराव खुशीत कान खाजवत बसले. अशी गिऱ्हाइकं पळवून यांचा धंदा कसा चालतो, मला कळत नसे.

मागच्या महिन्यात त्यांनी स्वतःचा एक कागद मला छापायला दिला. अर्ध्या वावराचं दानपत्र, बहीण शांताबाईच्या नावानं. ती जवळच्याच मावल्यात भाड्याच्या खोलीत राहते, भाजी विकते.

"माहं अक्षर चांगलं, म्हणून बापानं तिचं हक्कसोडपत्र माह्याकडूनच लिववलं," ते म्हणाले. "तिनं विचारलं, दादा, काय लिवलं? मी म्हटलं, काही नाही, सही कर."

शांताबाई आल्या, पण दान स्वीकारल्याची सही करायला पेन घेईनात.

"राहू दे, दादा. वाटा घेतला तं माहेर तुटते. मंग तू माह्या घरी येशील का?"

किसनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुयी वहिनी गेल्यापासून मले तरी दुसरं घर कुठं हाये?"

शांताबाईंनी पदराला हात पुसले आणि हळूहळू, एकेक अक्षर जोडत, सही केली. काम उरकल्यावर दोघं ऑटोत बसून मावल्याला जेवायला गेली. टेबलावरचे कागद वाऱ्यानं उडायला लागले, ते मी आत आणून ठेवले.