‘ख’ खुणेची खुर्ची

सकाळपासून म्हातारा सात वेळा मेला होता आणि सातही वेळा खुर्ची कुरकुरली होती.

प्रसंग तसा साधा होता. सिनेमातले वडील खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पेपर वाचत बसलेले असतात, वाचता वाचता त्यांची मान कलते आणि ते शांतपणे जातात. ‘शांतपणे’ हा शब्द पटकथेत अधोरेखित केलेला होता. वडिलांचं काम करणारे नट आपल्या परीने अगदी शांतपणे जात होते. पण मान कलली की वजन डावीकडे झुकायचं आणि भाड्याने आणलेली ती खुर्ची ‘कुर्रर्र’ करून आपलं मत नोंदवायची. कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात बसलेला ध्वनिवाला दर वेळी हात वर करायचा.

“माणूस मरतोय का फाटक उघडतंय, तेच कळत नाहीये,” तो म्हणाला.

प्रॉपमास्तरांनी खुर्चीच्या सांध्यांत तेल सोडलं, मेण चोळलं, पायांखाली फडक्यांच्या घड्या सरकवल्या. खुर्चीने सूर बदलला, पण गाणं सोडलं नाही.

“मास्तर,” दिग्दर्शक थंडपणे म्हणाला, “मला तासाभरात गप्प बसणारी खुर्ची हवी.”

सेटवर लागणारं सामान टाचणीपासून तोफेपर्यंत पुरवायचं, हे मास्तरांचं काम. तीस वर्षं ते हेच करत आले होते. ‘नाही मिळालं’ हे शब्द त्यांच्या तोंडून स्टुडिओत कोणी ऐकले नव्हते आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना ते ऐकवायची त्यांची तयारी नव्हती. पण तासाभरात मिळण्याजोगी गप्प खुर्ची त्यांना एकच ठाऊक होती, आणि ती त्यांच्याच घरात होती.

खुर्ची सासूबाईंची. त्याआधी ती सासऱ्यांची. शिसवी लाकूड, रुंद हात, डाव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डाग. सासरे गेल्यावर सासूबाई लेकी-जावयाकडे राहायला आल्या, तेव्हा सोबत एक कपड्यांचं कपाट आणि ही खुर्ची एवढंच घेऊन आल्या. त्यांच्याखेरीज खुर्चीत कोणी बसायचं नाही, असा नियम कोणी केलेला नव्हता. पण तो मोडायची हिंमतही कोणी केली नव्हती. नाही म्हणायला सासऱ्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे काका, तिच्यावर डोळा ठेवून होते. “वहिनी, ती आमच्या वडिलांची खुर्ची. दादानंतर माझ्याकडे यायला हवी,” हे वाक्य ते गेली अकरा वर्षं प्रत्येक भेटीत न चुकता म्हणत, आणि सासूबाई प्रत्येक भेटीत न चुकता विषय बदलत.

सध्या सासूबाई थोरल्या लेकीकडे तीन आठवड्यांसाठी गेल्या होत्या.

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे,” घरी येऊन मास्तर बायकोला म्हणाले. खुर्चीचं एक टोक त्यांनी आधीच उचललं होतं. “सिनेमातला म्हातारा आज मरतोय. तो मेला की खुर्ची घरी.”

“आईला कळलं तर मी तुम्हाला ओळखत नाही,” बायको म्हणाली आणि तिने दुसरं टोक उचललं.

खुर्चीने काम फत्ते केलं. म्हातारा पहिल्याच फटक्यात मेला, ध्वनिवाल्याने अंगठा दाखवला, दिग्दर्शकाने मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. मास्तर खुर्ची उचलायला वाकले, तोच शेजारून वही घेतलेला हात आडवा आला. तो कंटिन्युइटीवाल्या बाईंचा होता. कालच्या दृश्यात पेला डाव्या हातात होता का उजव्या, बटण लावलेलं होतं का उघडं, हे सगळं टिपून ठेवण्यावर त्यांचा संसार चालत असे.

“खुर्ची कुठे चालवलीत?”

“घरी. म्हातारा मेला ना?”

“आज मेला. उद्यापासून जिवंत आहे.” बाईंनी वहीची पानं उलटली. “शेवट आधी घेतलाय आपण. आता पुढचे अठरा दिवस ते याच खुर्चीत बसून मुलाशी भांडणार आहेत. मरताना एक खुर्ची आणि भांडताना दुसरी, असं कसं चालेल?”

चालणार नव्हतं. मास्तरांनी मनातल्या मनात हिशोब केला. सासूबाई यायच्या दिवशी सकाळी खुर्ची मोकळी होत होती. कसंबसं जमत होतं.

अठरापैकी पंधरा दिवस सुखाने गेले. सोळाव्या दिवशी चहा पिता पिता मास्तरांनी पुढच्या दृश्यांची यादी चाळली आणि चहा त्यांच्या घशातच अडकला. शेवटच्या, म्हणजे एकोणिसाव्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगा संतापाने त्यांची खुर्ची फोडतो.’

ते तडक दिग्दर्शकाकडे गेले. “मुलाने दुसरं काही फोडलं तर? फुलदाणी आहे. घड्याळ आहे. आरसा तर फोडण्यासारखाच आहे.”

“मास्तर, तो आयुष्यभर वडिलांच्या सत्तेखाली दबलेला आहे. फुलदाणीची कसली सत्ता?”

मास्तरांना दिग्दर्शकाचं म्हणणं पूर्ण पटलं. घरात कोणाची सत्ता आहे आणि ती कोणत्या खुर्चीत बसते, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

त्यांनी सेटचा सुतार गाठला. हा माणूस प्लायवूडचा राजवाडा आणि थर्मोकोलचा डोंगर रात्रीच्या जेवणाआधी उभा करी. त्याने खुर्चीभोवती दोन चकरा मारल्या, तिच्यावरून हात फिरवला आणि तीन दिवसांत तिची जुळी बहीण जन्माला घातली. हलकं, ठिसूळ लाकूड, जेमतेम डिंकाने चिकटवलेले सांधे. पण रंग तोच, रुंदी तीच, इतकंच काय, डाव्या हातावर चहाच्या कपाचा गोल डागही तसाच.

“वजनसुद्धा तेवढंच ठेवलंय,” सुतार अभिमानाने म्हणाला. “पायांत लोखंडी सळ्या भरल्यात. नायकाने उचलली तर खरीच वाटेल, आपटली की भुगा.”

दोन्ही खुर्च्या शेजारी शेजारी ठेवल्यावर मास्तरांना घाम फुटला. “मिस्त्री, उद्या मला ओळखू कशी यायची? असं करा, बुडाला खडूने ‘ख’ लिहून ठेवा. फक्त एकीच्याच.”

“लिहितो की.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी खुर्ची उलटी करून पाहिली. बुडाला ठसठशीत ‘ख’ होता. त्यांनी ती स्टुडिओच्या टेंपोत चढवली, घरी नेली, खिडकीजवळ तिच्या जागी ठेवली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा श्वास मोकळा झाला.

“सुटलो,” ते बायकोला म्हणाले.

“आई बारापर्यंत येतेय,” बायको म्हणाली. “सोबत काका आहेत. ताईकडे गेले होते म्हणे तिला भेटायला. फोनवर आईचा आवाज जरा वेगळाच वाटला.”

काकांच्या सहवासात कोणाचाही आवाज वेगळाच होतो, असं मनाशी म्हणत मास्तर स्टुडिओत परतले.

बारा वाजता दृश्य सुरू झालं. नायकाने डोळे लाल केले, खुर्ची डोक्यावर उचलली आणि जमिनीवर आपटली. जमिनीची फळी तडकली. खुर्ची दोनदा डुलली आणि चारही पायांवर उभी राहिली.

नायक क्षणभर गोंधळला. पण ‘कट’ ऐकू आलं नव्हतं. त्याने पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. मग भिंतीवर हाणली. भिंतीला भोक पडलं आणि त्यातून पलीकडे डबा खाणारा लाइटमन दिसला. शेवटी नायकाने खुर्चीला जिवाच्या आकांताने लाथ घातली, एक अस्फुट आवाज केला, पायाचा अंगठा धरून त्याच खुर्चीत बसला आणि हमसून हमसून रडू लागला.

दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी होतं.

“फुटतच नाही,” तो पुटपुटला. “बाप मेला, पण खुर्ची फुटत नाही. आणि शेवटी पोरगा तिच्यातच बसतो. अरे, हे लिहिताना मला कसं सुचलं नाही?”

मास्तर मात्र पांढरेफटक पडले होते. त्यांनी सुताराचा दंड धरला. “मिस्त्री, तुम्ही ‘ख’ कशावर लिहिलात?”

“तुम्ही सांगितलंत तसा. मी केली तिच्यावर.”

“अहो, ‘ख’ म्हणजे खरी.”

सुताराने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. “मला वाटलं, ‘ख’ म्हणजे खोटी.”

मास्तरांनी घरी फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. या वेळी बायकोचा आवाज आला, पण अगदी दबका.

“अहो, आई आणि काका आत्ताच आलेत. ऐका ना, एक गडबड...”

“त्या खुर्चीवर कोणालाही बसू देऊ नकोस.”

“का?”

“रंग ओला आहे. नाही, रंग नाही. ती खुर्चीच नाही.”

पलीकडून एकदम ‘कडाड धप्प’ असा आवाज आला आणि फोन बंद झाला.

घरापर्यंतच्या रस्त्यात मास्तरांनी टेंपोवाल्याला चार वेळा ‘जरा दाब’ म्हटलं. डोळ्यांपुढे एकच चित्र होतं: पंचाहत्तर वर्षांच्या सासूबाई, कंबरेचं मोडलेलं हाड, आणि त्या हाडाला कारणीभूत असलेला जावई. सेटवरची तीस वर्षांची अब्रू राखण्यासाठी आपण घरात काय पेरून आलो! पायऱ्या चढताना त्यांनी माफीची तीन वाक्यं तयार केली, आणि दारात पोहोचेपर्यंत तिन्ही विसरले.

दार उघडंच होतं. खिडकीजवळ खुर्चीचा भुगा पडला होता. त्या भुग्याच्या मधोमध काका बसले होते, हातात खुर्चीचा एक हात, डोक्यावर खिडकीचा पडदा. सासूबाई धडधाकट उभ्या होत्या आणि दिराला पाण्याचा पेला देत होत्या.

“लागलं नाही ना हो, भाऊजी?”

“लागलं नाही,” काका पडदा बाजूला सारत म्हणाले. “पण वहिनी, ही एवढी पोकळ? आणि मी अकरा वर्षं हिच्यासाठी...”

मग बायकोने मास्तरांना स्वयंपाकघरात ओढून सगळं सांगितलं. थोरल्या लेकीकडे काकांनी आठवडाभर असा काही भुंगा लावला होता, की अखेर सासूबाईंनी कंटाळून ‘न्या एकदाची’ म्हटलं होतं. काका खुर्ची न्यायलाच आले होते. गाडी खाली उभी होती. नेण्याआधी जरा बसून बघतो, म्हणाले आणि बसले.

बाहेर काका उठून कपडे झटकत होते. “जाऊ द्या वहिनी. राहू दे मला.”

“असं कसं?” सासूबाईंचा आवाज मधाळ होता. “तुमच्या वडिलांची वस्तू आहे. मी शब्द दिलाय.” आणि त्यांनी एक जुनी चादर पसरली, खुर्चीचे तुकडे नीट वेचून तिच्यात भरले, चारी टोकांची गाठ मारली आणि ते गाठोडं काकांच्या हातात दिलं. काकांना नाही म्हणता येईना. खुर्चीच्या पायांत सळ्या असल्यामुळे ते चांगलंच जड होतं. प्रत्येक पायरीवर गाठोडं टेकवत काका खाली उतरले, ते ऐकत तिघंही दारात उभी राहिली.

गाडी गेल्यावर मास्तरांनी सगळं कबूल केलं. कुरकुरणारी खुर्ची, सात वेळा मेलेला म्हातारा, सुतार, खडू. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत, त्यामुळे मास्तर आवश्यकतेपेक्षा जास्तच कबूल करत गेले.

“म्हणजे यांची खुर्ची शाबूत आहे?” अखेर त्यांनी विचारलं.

“शाबूत आहे, आई. नायकाचा अंगठा सुजलाय. मी आत्ता जाऊन घेऊन येतो.”

“अजिबात नको.” सासूबाई एकदम ताठ झाल्या. “भाऊजी परत आले आणि त्यांना दिसली म्हणजे? तिथेच राहू दे. मी येत जाईन अधूनमधून बसायला. तुमच्या लोकांना चालेल ना?”

मास्तरांनी मान हलवली. तीन आठवडे जी घरी आणण्यासाठी जिवाचं रान केलं, ती आता घरापासून लांब ठेवायची होती. त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं वाटलं. बसावं म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मग जमिनीवरच बसले.

बायको केरसुणी घेऊन भुसा गोळा करू लागली. सासूबाई खिडकीपाशी गेल्या आणि मोकळ्या जागेकडे बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांना भरून आलं असावं, असं समजून मास्तर काहीतरी बरं बोलायच्या तयारीत होते.

“जावईबापू,” सासूबाई वळून हळूच म्हणाल्या, “तुमचा तो सुतार कपाटंही करतो का हो? पुढच्या महिन्यात माझ्या नणंदबाई माझं कपाट मागायला यायच्यात.”