शतावरीचा तिसरा महिना

मानवतच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुकेशनीनं ठरवलं होतं, की आपली पाळी आपणच ताळ्यावर आणायची, तीही घरात कुणाला पत्ता न लागू देता. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी पीसीओडी सांगितलं होतं, रोज चालायला बजावलं होतं. ती चालतही होती. वर शतावरीचं चूर्ण मात्र तिनं मोबाइलवरची जाहिरात पाहून मागवलं आणि बेसनाच्या डब्यामागं लपवलं. नवरा सिद्धोधन बँकेत कारकून. घरात बेसन कुठं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळं काळजीचं कारण नव्हतं.

पण ताडकळसहून सासूबाई आल्या आणि त्यांनी पिठलं करायला घेतलं.

शतावरी पोटुशीला, बाळंतिणीला देतात, दूध यावं म्हणून, एवढं सत्यशीलाबाईंना पक्कं माहीत. सून बोलत नाही म्हणजे लाजत असेल, म्हणून त्याही बोलल्या नाहीत. सुनेच्या हातातली पाण्याची बादली तेवढी काढून घेतली. ताटात रोज चिंचेची चटणी यायला लागली. तुझ्या तोंडावर लय तेज आलंय, असं सासूनं म्हटल्यावर तर सुकेशनीला वाटलं, चूर्णाचा गुण दिसायला लागला.

त्या गावी परतल्या आणि धाकट्या नणंदेचा, बबिताचा फोन आला.

"वैनी, आईनं डबा पाह्यला म्हनं. कितवा महिना चालू हाय?"

फुटलं एकदाचं. चूर्ण कधीपासून घेतोय, ते सुकेशनीनं मनात मोजलं.

"तिसरा. पन कुनाला सांगू नको. आधी फरक दिसू दे."

"दिसंल की. न दिसून जातंय कुठं?"

बबितानं खरंच कुणाला सांगितलं नाही. फक्त मावशीला सांगितलं. रविवारी ताडकळसहून जीप आली. तिच्यात सासूबाई, बबिता, मावशी, एक हिरवी साडी आणि पेढे. नेमकी त्याच सकाळी, कित्येक महिन्यांनी, सुकेशनीची पाळी आली होती. ती इतकी खुशीत होती, की आता काय लपवायचं म्हणून तिनं दारातच सांगून टाकलं.

"आली एकदाची."

"कोन आली, बाई?" सासूबाईंनी तिच्यामागं पाहिलं.

"पाळी."

मावशी साडीसकट खाली बसली. मग सगळं उलगडून सांगणं आलं. सुकेशनीनं आता बोलणी खायची तयारी केली.

"जिवाला एवढा तरास होता, तं मला सांगायचं न्हाई का?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. डॉक्टरणीसमोर न रडलेली सुकेशनी तिथं रडली.

थोड्या वेळानं बबितानं तिला स्वयंपाकघरात गाठून, ते चूर्ण कुठं मिळतं, असं हळूच विचारलं. पाळी चूर्णानं आली की चालण्यानं, हे विज्ञानाच्या बाईंनाही सांगता येईना. आधी डॉक्टरणीला दाखव, एवढंच ती म्हणाली.

आणलेले पेढे वापस नेणं सासूबाईंना पटेना. सून बरी व्हायलीय, वाटून टाकू, असं म्हणत त्यांनी सिद्धोधनला घरमालकाकडं पिटाळलं. दिनकररावांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, कशाचे? म्हाताऱ्या माणसाला काय सांगावं, सिद्धोधनला कळेना. बदली झाली, असं त्याच्या तोंडून निघून गेलं.

संध्याकाळी दिनकरराव नवा भाडेकरू घेऊन खोल्या दाखवायला आले.