खांबेटे साहेबांची सुनावणी

खांबेटे साहेबांनी न्हाव्याला कमी केले, तो प्रसंग मी प्रत्यक्ष पाहिला आहे. साहेब दुकानात शिरले, खुर्चीत न बसता उभेच राहिले आणि दाढीला थांबलेल्या आम्हा तिघा गिऱ्हाइकांना त्यांनी साक्षीला धरले. मग शांतपणे म्हणाले, "आजपासून मी आपल्याला कमी करीत आहे. कारणे दोन. कल्ले वर-खाली होतात आणि रेडिओ मोठा असतो. आपला खुलासा?"

न्हावी गोंधळला. रेडिओ बारीक करून म्हणाला की साहेब मान सारखी हलवतात, मग कल्ले सरळ कसे येणार. साहेबांनी विचार केला, "खुलासा मान्य," असे म्हटले आणि त्याच खुर्चीत बसून केस कापून घेतले.

पनवेलच्या तहसील कचेरीबाहेर मी बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणावरून परत आल्याचे उदाहरण नाही. नाना स्वभावाची माणसे माझ्या बाकावर बसून गेली. परंतु माणसाला कमी करण्याचा एवढा सोपस्कार करणारा आणि शेवटी कोणालाही कमी न करणारा गृहस्थ मला दुसरा भेटला नाही. आमच्या शेजारच्या चहावाल्या सुमनवैनींचीही एकदा सुनावणी झाली. आरोप, चहा पाणचट. वैनींनी हातातले फडके खाली न ठेवता सांगितले, "दूध फाटला साहेब, म्हनून पानी घातला. पन आल्याचा तुकडा दुप्पट घातला ना. त्याचा नाव नाय तुमच्या तोंडात." वैनी ताकीद देऊन कायम झाल्या.

"काढायचं तर कारण सांगून काढावं," हे साहेबांचे ठरलेले वाक्य. त्याचे मूळ त्यांच्या नोकरीत होते. एका सरकारी महामंडळाच्या कारभारावर नजर ठेवण्यासाठी त्यांना दक्षता अधिकारी नेमले होते. मुदत पाच वर्षांची. तिसऱ्या वर्षी त्यांनी काही कामांच्या फायली मागवल्या, आणि फायलींच्या आधी त्यांना पदमुक्त केल्याचा एका ओळीचा आदेश आला. कायद्यात असे होते की, अशा अधिकाऱ्याला मुदतीपूर्वी काढल्यास त्याची कारणे विधिमंडळात दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवली पाहिजेत. ती ठेवली गेली नाहीत. ती ठेवावीत, एवढाच साहेबांचा अर्ज. पद परत नको, पगार नको. प्रत्येक अधिवेशनाच्या आधी ते रोडपालीहून रिक्षाने येत, मी अर्ज लिहीत असे आणि ते स्वतः तो आमदारांच्या कार्यालयात नेऊन देत.

मी एकदा सुचवले की, साहेब, आता निवृत्तीचे वय झाले, सोडून द्या. त्यांनी अर्जाची घडी खिशात घातली. मग म्हणाले, "सरकारनं कारण दिलं नाही, तेव्हा आमच्या सोसायटीनं आपापलं दिलं. कुणी म्हणालं, पैसे खाल्ले. ते चालेल. पण माझी मुलगी पुण्याहून आली आणि तिनं विचारलं, बाबा, खरं काय झालं? मी म्हटलं, मला माहीत नाही. तिला वाटलं, मी लपवतोय."

त्यानंतर ती फारशी आली नाही, हे त्यांनी सांगितले नाही. मला ते दिवाळीत कळले. पाडव्याच्या दिवशी कचेरी बंद असताना मी विसरलेली छत्री न्यायला आलो, तर साहेब बाकावर एकटेच बसलेले होते.

यंदा मात्र उत्तर आले. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, गोंधळात, इतर कागदांच्या गठ्ठ्याबरोबर ते पटलावर ठेवले गेले. कोणी वाचले नाही, कोणी प्रश्न विचारला नाही. आमदारांच्या सहायकाने दिलेली प्रत साहेबांनी वैनींच्या टपरीपाशी उभ्याने वाचली. कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते: प्रशासकीय कारणास्तव.

"म्हंजे काय, साहेब?" वैनींनी विचारले.

"म्हणजे काही नाही," साहेब म्हणाले. "आता मुलीला काय सांगू?"

वैनींनी न विचारता चहा पुढे केला. तो तसाच निवला. मग साहेब माझ्याकडे वळले. "आपलं काम संपलं. आजपासून मी आपल्याला कमी करीत आहे."

मी सवयीने वाट पाहिली. पुढे काहीच आले नाही.

"कारण?" मी विचारले.

त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिले. "प्रशासकीय," ते म्हणाले आणि निघाले.

एवढ्या वर्षांत मी साहेबांना कारणाशिवाय कोणाला काढताना पाहिले नव्हते. मी बाकावरून उठून रस्त्यापर्यंत गेलो आणि रिक्षात बसलेल्या साहेबांना सांगितले, "हे कारण मला मान्य नाही. मला सुनावणी हवी. उद्या सकाळी, वैनींच्या समक्ष." रिक्षा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडण्यापूर्वी मी पोहोचलो, तर साहेब आलेले होते. सदरा इस्त्रीचा, दाढी केलेली. वैनी फडक्याला हात पुसत साक्षीला उभ्या राहिल्या.

"आपला खुलासा?" साहेबांनी विचारले.

रात्री मी पुष्कळ मुद्दे जुळवले होते. भाषा तर माझ्या हातची. पण ऐन वेळी त्यातला एकही मुद्दा उच्चारवला नाही.

"साहेब," मी म्हटले, "तुम्ही आला नाहीत, तर हा बाक मला मोठा होतो."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खुलासा मान्य," ते म्हणाले. "जरा सरका."

आणि ते कचेरी बंद होईपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले. काम तसे त्यांचे काहीच नव्हते.