जागल्या डब्याचा एक नंबर

घराला एक दार असले की ते घर असते. दोन दारे झाली की ती संस्था होते, आणि संस्था म्हटली की तिला नियम, पदाधिकारी आणि बिघाड लागतातच.

आमच्या हुडकेश्वरच्या घराला दोन दारे आहेत. समोरचे फाटक रस्त्यावर उघडते. तिकडे थोरल्या सुनेची, मनकर्णेची चूल. मागचे दार बोळीत उघडते. तिकडे धाकटीची, पुष्पलतेची चूल. एका घरात दोन चुली काहून, असे कोणी विचारले तर आम्ही ‘सोयीसाठी’ असे सांगतो. (या एका शब्दाने जितकी घरे उभी ठेवली, तितकी सिमेंटने ठेवली नसतील.)

या संस्थेचे सुरक्षा खाते माझ्याकडे होते. खात्याची मालमत्ता म्हणजे एक बाज, एक पानाचा डबा आणि एक काठी. बाज ओसरीत, थेट फाटकासमोर. फाटक वाजले की मी विचारायची, "कोण?" उत्तर ठरलेले. "मी." बोहारीण आली तरी ‘मी’, वर्गणीवाले आले तरी ‘मी’, चुलत दीर आले तरी ‘मी’. पण कोणता ‘मी’ साखर मागायला आला आणि कोणता नुसता घरात डोकावायला आला, हे मला आवाजावरून कळायचे. मग मी सुनेला हाक मारायची आणि ती कडी काढायची, किंवा मी हाकच मारायची नाही. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले. पण ह्यांनी गावची सरपंचकी केली, आणि ठराव सगळे आमच्या ओसरीत झाले, त्यामुळे कारभार कसा चालतो आणि कसा चालत नाही, हे दोन्ही मला ठाऊक आहे.

थोरला शालिकराम खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. तिथे तो लोखंडी कपाटांपुढे बसतो. कपाटात कार्डे खोचलेली असतात, दिवे लागतात आणि विझतात, शालिकराम त्यांच्याकडे पाहतो. माणूस दिवसभर जे पाहतो ते घरी आणू पाहतो. (देवाची कृपा म्हणून त्याने धुराडे आणले नाही.)

"माय," चैत्रात एक दिवस तो म्हणाला, "तू आता थकली. किती दिवस दारावर बसशीन? मी एक डबा बनवून राहिलो. तोच दार राखन. तू मंग आतमंदी, कोठीच्या खोलीत आरामात राह्यजो."

कोठीच्या खोलीत धान्याच्या कोठ्या आहेत, मोडका पाळणा आहे आणि ह्यांचा फोटो आहे. खिडकी नाही. आरामाला खिडकी लागत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजले.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी नणंद यमुताई कन्हानवरून येतात. त्याच दिवशी डब्याचे उद्घाटन करावे आणि त्याच मुहूर्तावर माझी बाज कोठीच्या खोलीत कायमची हलवावी, असा ठराव घरात झाला. सूचक शालिकराम, अनुमोदक धाकटा रुपराव. विरोधी मत एकही नाही. (मला मत नव्हते. मी ठरावाचा विषय होते.)

डब्याचे नाव जागल्या. शेतात पीक राखायला माणूस ठेवतात, त्यावरून. जागल्याचा देह वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्याचा. पोटात एक ट्रान्सफॉर्मर, वायरींचा गुंता आणि भंगारवाल्याकडून आणलेली दोन कार्डे. कार्ड म्हणजे तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगळे चिकटवल्यासारखे बारीक बारीक भाग. एक कार्ड फाटकाचे, दुसरे मागच्या दाराचे. आलेल्या माणसाने घंटीचे बटण तीनदा दाबले की त्या दाराचे कार्ड डब्याला कळवणार आणि डबा त्या दाराचा विजेचा खटका उघडणार. दोनदा किंवा चारदा दाबणारा तो परका. थोडक्यात, ज्याला बरोबर तीनपर्यंत मोजता येते तो आपला माणूस. आजवर मी नाती उगाच अवघड करून ठेवली होती.

चाचणी झाली. फाटकाचे कार्ड एकटे लावले, उत्तम चालले. मागचे एकटे लावले, तेही उत्तम. दोन्ही लावली की डब्याला एकच दिसायचे, आणि कोणते दिसेल याचा नेम नाही. (माझ्या सुनांचे असेच आहे. एकेकटी असली की दोघीही गुणाच्या.)

शेजारचे मारोतराव यांना प्रयोगासाठी फाटकाबाहेर उभे केले. त्यांनी तीनदा बटण दाबले. मागचे दार खाडकन उघडले, आणि बोळीत उभी असलेली त्यांचीच गाय आत येऊन पुष्पलतेच्या वाळत घातलेल्या कुरडया खाऊ लागली.

"मारोतराव, उघडलं का गा?" शालिकरामाने आतून विचारले.

"माह्यासाठी नाही उघडलं," मारोतराव बाहेरून म्हणाले, "पन गाय आत गेली. आमच्या घरचं कोनी तरी गेलं नं, झालं तं!"

यानंतर बिघाड शोधण्याचे काम हाती घेण्यात आले. शास्त्रशुद्ध पद्धत अशी असते, की आधी दोष नाही ते सगळे बदलावे. त्याप्रमाणे घंटी बदलली. वायर बदलली. कार्डे स्पिरिटने पुसली. डब्याचे तोंड पूर्वेला केले. (हे मनकर्णेने सुचवले, आणि त्याने काही बिघडले नाही, म्हणून ते तसेच राहिले.) डाव्या खोबणीतले कार्ड उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे घातले, तेव्हा आधी जे होत नव्हते तेच आता उलट्या बाजूने होईना. शेवटी बर्डीच्या बाजारातून बाबनरावांना आणले. ते ट्रान्झिस्टर दुरुस्त करतात. त्यांनी डब्यात पाहिले, दोन्ही दारांकडे पाहिले, दोन्ही चुलींवरचा चहा घेतला आणि निर्णय दिला, "मशीन बरोबर आहे. घर चुकलं आहे." इतके अचूक निदान करणारा माणूस रेडिओत वाया गेला, असे माझे मत आहे.

दोष सापडला तो शालिकरामालाच, भिंग लावून. प्रत्येक कार्डावर एक छोटी पितळी पिन होती. ती ज्या भोकात खोचावी तो त्या कार्डाचा नंबर. भंगारातून आलेली दोन्ही कार्डे एक नंबरवर होती.

"आता पाहा," त्याने सगळ्यांना ओसरीत बसवून सांगितले. "डबा विचारते, एक नंबर कोन? हे दोन्ही कार्ड एकाच वक्ती म्हनते, मी! मंग डबा गोंधळते, नाही तं गप्प बसते. तो बिचारा काय करन? एक पिन काढाची, दोनच्या भोकात खोचाची, बस. हातानं निंघते. कोनीबी करू शकते."

हे शेवटचे वाक्य त्याने बोलायला नको होते.

मागच्या दाराचे कार्ड दोन नंबरवर गेले. डबा चालू लागला. मारोतराव फाटकातून आत आले, गाय बाहेर राहिली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या आणि माझी बाज चाचणीदाखल कोठीच्या खोलीत ठेवण्यात आली. त्या दिवशी किती माणसे आली, मला माहीत नाही. मला ह्यांचा फोटो दिसत होता.

सकाळी डबा पुन्हा मुका. दोन्ही कार्डे एक नंबरवर.

"मागचं दार दोन नंबर," पुष्पलता कोणाकडेही न पाहता म्हणाली, "म्हंजे मांगचे मानसं दोन नंबर का? माह्या माहेरचे लोक याच दारानं येतात."

"अवं, नंबर डब्याचा आहे, तुहा नाही," मनकर्णेने समजूत घातली.

"मंग तुमचा ठेवा नं दोन, जाऊबाई. डब्याचाच तं आहे."

शालिकरामाने मागचे एक केले आणि फाटकाचे दोन. दुपारी मी कोठीच्या खोलीतून ऐकले, डबा पुन्हा गप्प. फाटकाचे कार्ड आपसूक एकवर आले होते. पिन कोणी हलवली याची चौकशी झाली नाही. चौकशीचा अधिकार ज्याला आहे, त्याला जेवायलाही त्याच घरात बसावे लागते.

मग रुपरावाने पुढाकार घेतला. तो शाळेत मास्तर आहे. त्याग या विषयावर तो घंटा होईपर्यंत बोलू शकतो, आणि घरात घंटा चालत नव्हती. त्याने दोघींना समोर बसवून मोठ्या मनाचे महत्त्व सांगितले. दोघींचे डोळे भरून आले. दोघीही एकमेकींच्या नकळत डब्याशी गेल्या आणि दोघींनीही आपापली पिन दोनवर नेऊन खोचली.

डबा दोन ‘एक’ सहन करत नव्हता, तसे दोन ‘दोन’ही त्याला सहन झाले नाहीत. मोठ्या मनाची दोन माणसे एका डब्यात मावत नाहीत, हे या प्रयोगाचे फलित.

"म्या पह्यले सोडला एक नंबर!"

"तुम्ही? तुमच्या आंगुदर म्या सोडला!"

म्हणजे भांडण पुन्हा पहिल्या नंबरावरच आले.

अखाजी तोंडावर आलेली. शालिकरामाने चिडून फाटकाला दोन दिला, मागच्या दाराला तीन दिला आणि पिनांवर सोल्डर ओतून त्या पक्क्या केल्या. तपासायला वेळ उरला नाही. आश्चर्य म्हणजे दोघीही शांत झाल्या. दुसरीला एक नंबर मिळाला नाही, एवढ्याने प्रत्येकीचे समाधान झाले. एक नंबर मोकळा का ठेवला, तर ‘मायच्या मानाखातर’. हा मान मला खिडकी नसलेल्या खोलीत पोचवण्यात आला.

अखाजीच्या दुपारी यमुताई आल्या. डोक्यावर आंब्यांची टोपली, पायाखाली तापलेला मुरूम. मारोतरावांनी रस्त्यातच त्यांना नियम समजावून दिला होता. त्यांनी तीनदा बटण दाबले. काही झाले नाही. पुन्हा तीनदा. काही झाले नाही. शालिकराम कोपरापर्यंत डब्यात. हाताने उघडायची कडी तर त्याने आधीच उखडून टाकलेली, आणि दोन्ही खटके घट्ट.

"अवं जिजा!" यमुताईंचा आवाज भिंती भेदून आला. "मेली का जिती आहे वं?"

"जिती आहे, बाई!" मी कोठीच्या खोलीतून ओरडले. "पन मले आतमंदी ठेवलं!"

"काहून?"

"आरामासाठी!"

"अन् मले उनात काहून ठेवलं?"

"डब्यासाठी!"

"आत्या, थांब जराशीक," शालिकराम म्हणाला, "डबा एक नंबरची वाट पाहून राहिला."

हे खरे होते. डबा आधी एक नंबरला विचारायचा, एकने होकार दिला तरच दोन आणि तीनचे ऐकायचा. एक नंबरवर कोणी नव्हते, म्हणून तो आदराने थांबला होता.

"तीनदा दाबलं म्या, आता नाचू का?" यमुताई कडाडल्या. "कन्हानले जाऊन सांगतो साऱ्याइले, भावाच्या घरानं मले ओळखलं नाही म्हनून!"

शालिकरामाकडे भंगारातले तिसरे कार्ड होते. त्याने ते एक नंबरवर खोचले आणि त्याला होकार देण्यासाठी एक बटण जोडले. आता बटण कुठे लावायचे? "माह्याकडे," दोघी सुना एकदम म्हणाल्या. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि पुन्हा एकदम म्हणाल्या, "सासूबाईकडे."

"दाबतो मी," मी आतून म्हटले. "पन कोन आलं ते दिसल्याशिवाय नाही दाबनार. इथून फाटक दिसत नाही."

बाहेर टोपली जमिनीवर आदळली. दोन्ही मुलांनी माझ्यासकट बाज उचलली आणि ओसरीत, जुन्या जागी आणून ठेवली. ठराव रद्द व्हायला आमच्या घरात एवढा कमी वेळ कधी लागला नव्हता. वैशाखाच्या उन्हासारखा अनुमोदक नाही.

बटण हातात घेऊन मी पान लावले. मग विचारले, "कोन?"

"मी!"

"मी कोन?"

मग बारीक आवाजात, "यमु. तुही ननंद. उघड नं वं आता, चटके बसून राहिले."

मी बटण दाबले. खटका उघडला. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

आता आमची व्यवस्था पूर्णपणे आधुनिक आहे. कोणी आले की तो घंटी दाबतो, कार्ड डब्याला सांगते, डबा मला विचारतो, मी ‘कोण?’ विचारते, आणि मनात आले तर बटण दाबते. पूर्वी हेच काम विजेशिवाय होत असे, तो मागासलेपणा गेला. ओसरीवरून मला कोणी हलवत नाही. मी आता डब्याचा भाग आहे, आणि शालिकराम डब्यातला एकही भाग टाकत नाही.

वाचणाऱ्यांना माझ्या सुनांचे हसू आले असेल. येऊ द्या. कधी हुडकेश्वरकडे आलात तर आमच्या फाटकाशी थांबा, तीनदा बटण दाबा. मी आतून ‘कोण?’ विचारीन. तेव्हा तुमच्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो, तेवढा ऐकून ठेवा. अखाजीपासून आलेल्या शंभरातल्या शंभरांनी तोच शब्द उच्चारला, आणि त्यातले पुष्कळ शहाणे अजून बाहेर मुरुमावर उभे आहेत.

मारोतरावांची गाय तो शब्द बोलत नाही. तिला मी लगेच आत घेते.