राव सारांचे शॉकअप

राव सार मोटारसायकलवरून निघाले की चेन्नईच्या वेलचेरी भागातल्या प्रत्येक खड्ड्यापाशी "पळ्ळम!" असं ओरडतात. पळ्ळम म्हणजे तमिळमध्ये खड्डा. मागची सीट रिकामी असते, तरी ओरडतात. मला वाटायचं, रस्ते करणाऱ्यांना शिव्या घालताहेत.

कारण रागावणं हा त्यांचा पूर्णवेळ उद्योग. तंजावरी मराठी माणूस, बँकेतून निवृत्त, माझ्या खालच्या मजल्यावर राहतात. नाशिकहून इथे आलो तेव्हा मराठी शेजारी मिळाला म्हणून मी हरखलो होतो. पहिल्याच भेटीत त्यांनी माझं मराठी अशुद्ध ठरवलं आणि माझी स्कूटर हलवायला लावली.

मागच्या पावसात आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं, त्यांची गाडी बुडाली आणि तेव्हापासून पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल गळू लागलं. फरशीवर डाग पडले. असोसिएशनच्या सेक्रेटरीने बजावलं, रविवारपर्यंत गळती थांबवा, नाहीतर गाडी भंगारात. वर म्हणाला, "मॅडम तर गेल्या सार, आता मागे कोण बसणार? ऑटोने जात जा."

"ऑटोत माणूस बसतो की उरळकिळंगु?" राव सार कडाडले. उरळकिळंगु म्हणजे बटाटा, आणि हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांच्या बायकोची, पद्माअक्कांची, कंबर कायम दुखायची. ऑटोचे धक्के सोसत नसत, म्हणून तांबरमला बहिणीकडेसुद्धा त्या याच गाडीवर मागे बसून जायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या.

सेक्रेटरीचा मला असा संताप आला म्हणून सांगू! पण तो शनिवार सकाळपर्यंतच टिकला. शनिवारी माझ्या बाल्कनीतला कपडे वाळत घालायचा प्लॅस्टिकचा पाईप गायब होता आणि शर्ट खाली पडले होते.

खाली उतरून पाहतो तर पार्किंगमध्ये दोन्ही शॉकअप सुटे होऊन पडलेले. सगळे मेकॅनिक चोर, म्हणून सार स्वतःच नवी ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बसवत होते. पहिली सील त्यांनी स्क्रूड्रायव्हरने ठोकून फाडली होती आणि दुकानदाराचा उद्धार केला होता. सील सगळीकडून सारखी दाबली जायला नळी लागते. माझा पाईप मापाचा निघाला, म्हणून त्यांनी तो करवतीने कापला होता.

"विचारायचं तरी!" मी ओरडलो.

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नाही!"

"मग विचारायचं कशाला?"

रागाने उभा राहिलो, तर त्यांनी हातोडी माझ्याच हातात दिली. गंज घासून त्यांनी शॉकअपच्या दांड्यावर दुधाची रिकामी पिशवी चढवली, म्हणजे सीलची कड कापली जात नाही. त्यावरून सील सरकवली, पाईप टेकवला आणि मला ठोकायला लावलं. मग तेल. ते पद्माअक्कांच्या औषधाच्या झाकणाने मोजून, आकडे मोठ्याने म्हणत. मी मध्येच शर्टांचं काढलं आणि मोजणी चुकली. सगळं तेल परत डब्यात.

"तोंड मिट! शर्ट काय पळून जातात होय?"

रविवारी सकाळी फरशी कोरडी होती. "मागे बैस," सार म्हणाले.

"मी कशाला?"

"रिकाम्या सीटवर काय कळतं रे?"

निघालो. "पळ्ळम! घट्ट धर!" खड्डा आला आणि गेला, मला जेमतेम हिसका बसला. दुसरा मोठा होता. सारांनी वेग अगदी कमी केला, गाडी हलकेच उतरवली, चढवली, आणि मान किंचित मागे वळवून, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले,

"लागलं की काय गे?"

त्यांची मान ताठ झाली. पाईपचा राग मला आठवेना.

"नाही हो," मी म्हटलं. "अजिबात नाही लागलं."

"तुला कोण विचारलं?" सार गरजले. आणि पुढचा खड्डा त्यांनी आणखी हळू घेतला.